डिझेल मेकॅनिक व्हायचंय? सांगली जिल्ह्यातले पालक आणि मुलं नेहमी विचारतात ते प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की गॅरेजवर पालकांची ये-जा वाढते. पोराला हे काम शिकवावं का, कुठे शिकवावं, पुढे काय, हेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतात. घाईत दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. माझं काम डिझेलचं आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक, अधूनमधून जेसीबी. त्यामुळे उत्तरांचा कल तिकडेच राहील. दुचाकी आणि पेट्रोल कारच्या कामातही चांगलं भवितव्य आहे, पण त्याबद्दल रोज ते काम करणाऱ्यालाच विचारावं.

या कामात खरंच पैसा आहे का?

आहे. पण तो दोष शोधता येणाऱ्याला मिळतो. नुसता पाना फिरवणाऱ्याची कमाई एका जागी अडकून राहते, आणि आमच्या धंद्यात अशी कष्टाळू माणसं खूप आहेत. त्यांना कुणी दोष शोधायला शिकवलंच नाही.

ऊसाच्या हंगामातलं उदाहरण घ्या. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला दम सोडतो, रेस घेत नाही. एक मिस्त्री डिझेल फिल्टर बदलतो. फरक पडत नाही. मग तो नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून टेस्टिंगला पाठवतो, शेवटी पंपच खोलायला सांगतो. दोन दिवस गेले. दुसरा मिस्त्री आधी विचारतो: कधीपासून होतंय, इंजिन थंड असताना की तापल्यावर, डिझेल कुठे भरलं होतं? मग टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन बोटाने चाचपतो, लाइनमधली हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून बुडबुडे येतात का बघतो. लाइन जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचा तांब्याचा वॉशर दबलेला निघतो आणि तिथून लाइनमध्ये हवा ओढली जात असते. वॉशर काही रुपयांचा. पण त्या ट्रॅक्टरमागे तोडणीची टोळी बसलेली असते, तोडलेला ऊस वाळून वजन घटत असतं, कारखान्यावरची पाळी हुकत असते. मालक पैसे देतो ते वाचलेल्या दोन दिवसांचे. आणि पुढच्या वेळी गाव सोडून, चार गॅरेज ओलांडून तो त्याच मिस्त्रीकडे येतो.

मग महिन्याला किती, ते सांगा ना.

तुम्ही कुठल्या पायरीवर आहात त्यावर ते ठरतं. शिकाऊ मुलाला खर्चापुरतं मिळतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ठरलेला पगार, पीएफ आणि बऱ्याच ठिकाणी कामाच्या तासांवर इन्सेंटिव्ह. तिथे स्कॅनर घेऊन निदान करणाऱ्याचा पगार ऑइल-फिल्टर बदलणाऱ्यापेक्षा बराच वर असतो. स्वतःच्या गॅरेजात मजुरी तुमची, पण जागेचं भाडं, हत्यारं आणि उधारीही तुमची. सगळ्यात चांगला दर मिळतो तो जागेवर जाऊन अवजड मशीन दुरुस्त करणाऱ्याला. खडी क्रशरवरचा एक्स्कॅव्हेटर किंवा जतकडच्या माळावर उभी राहिलेली बोअरची गाडी गॅरेजात आणता येत नाही. तिथे जाणाऱ्याला येण्या-जाण्याचे वेगळे पैसे मिळतात आणि हायड्रॉलिक कळत असेल तर घासाघीसही कमी होते.

कुणी तुमच्या मुलाला मोठा आकडा सांगून बोलावत असेल तर उलट विचारा. हातात किती येणार? कामाचे तास किती? जादा वेळेचे पैसे वेगळे का? आणि सहा महिन्यांनी मुलगा काय शिकलेला असेल? माझ्या मते शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या तीन वर्षांत हजार-दोन हजार कमी मिळाले तरी चालेल, पण इंजिन उघडायला मिळालं पाहिजे.

दहावीनंतर आयटीआयचा कोणता ट्रेड घ्यावा?

आमच्या कामाशी थेट जोडलेले ट्रेड असे: मेकॅनिक मोटर व्हेइकल, म्हणजे एमएमव्ही, दोन वर्षांचा. मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा. मेकॅनिक ट्रॅक्टर एक वर्षाचा. गाडीच्या वायरिंगसाठी ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स आहे, आणि अलीकडे इलेक्ट्रिक व्हेइकलचाही ट्रेड सुरू झाला आहे. प्रत्येक आयटीआयमध्ये सगळे ट्रेड नसतात, तेव्हा जवळच्या संस्थेत जाऊन विचारा. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर होतो. वयाची अट १४ वर्षे पूर्ण एवढीच.

घरची परिस्थिती दोन वर्षं थांबण्यासारखी असेल तर एमएमव्ही घ्या. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, एक वर्षाच्या ट्रेडवर ती वाट सहज उघडत नाही. सतराव्या वर्षी मुलाला पुढे शिकायचं नसतं. विसाव्या वर्षी वाटायला लागतं, म्हणून दार उघडं असलेलं बरं. पण ज्याला लवकर कमवायला लागायचंच आहे त्याच्यासाठी मेकॅनिक डिझेल उत्तम आहे. डिझेल निवडल्याने कुणी कमी ठरत नाही.

आयटीआयला न घालता थेट एखाद्या उस्तादाच्या हाताखाली ठेवलं तर?

जुन्या पिढीतले बहुतेक मिस्त्री असेच घडले आणि त्यांचा कान आजही अचूक आहे. इंजिनाच्या आवाजावरून बेअरिंग वाजतंय की टॅपेट, हे ते गाडी थांबायच्या आत सांगतात. हे ज्ञान वर्गात मिळत नाही. पण त्यातल्या अनेकांना मापं घ्यायला कुणी शिकवलं नाही. सिलेंडर झिजलाय हे कळतं, किती झिजलाय हे मोजलं जात नाही. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना माप घ्यायचं असतं. तेव्हा कळतं की नुसत्या रिंगांवर भागेल की लायनरच, म्हणजे सिलेंडरच्या आतलं नळकांडं, बदलावं लागेल. अंदाजाने रिंगा टाकलेलं इंजिन सहा महिन्यांत पुन्हा निळा धूर मारत दारात येतं.

म्हणून दोन्ही हवं. आयटीआय करताना संध्याकाळी किंवा सुट्टीत चांगल्या गॅरेजात बसावं. जो आधीच दहा वर्षं काम करतोय त्यानेही कागदाची आशा सोडू नये. अनुभवाच्या जोरावर कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. वाहन क्षेत्रासाठी ती ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलमार्फत चालते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १४ वर्षांच्या आतलं मूल गॅरेजात कामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. बापाने हात जोडले तरी आम्ही ठेवत नाही. शाळा पूर्ण होऊ द्या.

आयटीआय झाल्यावर अप्रेंटिसशिप करावीच लागते का?

सक्ती नाही, पण सोडू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आपल्याकडे यासाठी एसटीची विभागीय कार्यशाळा ही फार चांगली जागा आहे. एका प्रकारच्या अनेक गाड्या, ठरलेल्या किलोमीटरला ठरलेली कामं, इंजिन-गिअरबॉक्सचे वेगळे विभाग. एकच काम वीस गाड्यांवर केल्यावर हात बसतो तो कायमचा. खासगी गॅरेजात रोज वेगळी गाडी येते, त्यामुळे तशी शिस्त लागायला वेळ लागतो.

गणित आणि इंग्रजी कच्चं आहे. चालेल का?

बीजगणिताची भीती बाळगू नका, दशांश चिन्ह मात्र पक्कं हवं. टॅपेटचं क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, ०.२५ मिलिमीटर की ०.४० यात चुकलात तर व्हॉल्व्ह जळतो किंवा टकटक वाजत राहतो. हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात. "घट्ट झालं" हे माप नव्हे.

इंग्रजी बोलता आलं नाही तरी काम अडत नाही. सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा वाचता आला पाहिजे. त्यात शब्द मोजकेच असतात आणि तेच ते येतात. वहीत लिहून ठेवलेत तर वर्षभरात पाठ होतात. मुलाने मोबाइलवर व्हिडिओ बघितलेला चालतो, पण त्या मॉडेलचं मॅन्युअल उघडण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

नव्या बीएस-६ गाड्या आल्या, त्यांना बरेच मिस्त्री हात लावत नाहीत. का?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरचं रूपच बदललं. पूर्वी तो नुसता पाइप आणि डबा होता. आता त्यात काजळी अडवणारा डीपीएफ आहे, अनेक गाड्यांत नायट्रोजनचे वायू कमी करणारी एससीआर आहे, जागोजागी तापमानाचे आणि दाबाचे सेन्सर आहेत. ट्रॅक्टरलाही हे सुटलेलं नाही. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून नवे कडक निकष लागले. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या एकाच नळीत, डिझेलचा दाब १,६०० बार आणि त्याहून वर जातो. पान्याने नोझलचा नट सैल करून "कुठला सिलेंडर मिस मारतोय" हे बघण्याची जुनी रीत इथे जीवावर बेतू शकते.

पण हे काम अवघड नाही, वेगळं आहे. डीपीएफचंच घ्या. भिलवडी-पलूस भागात दुधाचे टेम्पो पहाटे निघतात, दर दोन किलोमीटरला थांबतात, इंजिन पुरतं तापतच नाही. डीपीएफमधली काजळी जाळायला सायलेन्सरमध्ये साधारण ६०० अंशांपर्यंत तापमान लागतं. ते न आल्याने फिल्टर भरत जातो, दिवा लागतो, गाडी पिकअप सोडते. ज्याला हे माहीत नाही तो टर्बो बदलायला सांगतो. ज्याला माहीत आहे तो स्कॅनर लावून फिल्टरच्या अलीकडचा-पलीकडचा दाब वाचतो, रीजनरेशन करतो, म्हणजे साचलेली काजळी जाळून टाकतो, आणि ड्रायव्हरला सांगतो की आठवड्यातून एकदा गाडी हायवेला नेऊन एका लयीत पळव. काहीजण डीपीएफ कापून पाइप जोडून देतात. ते बेकायदेशीर आहे, पीयूसी आणि पासिंगला अडकतं, आणि मालकाला फसवणं तर आहेच. अशा गॅरेजात मुलाला शिकायला ठेवू नका.

युरियाचा गोंधळ आपल्या शेतकरी भागात जास्त दिसतो. एससीआरच्या टाकीत भरायचं द्रव म्हणजे डीईएफ, त्याला सगळे युरियाच म्हणतात. त्यात शुद्ध युरिया ३२.५ टक्के आणि बाकी क्षारविरहित पाणी. घरात खताचं पोतं असतंच, म्हणून कुणीतरी तोच पाण्यात कालवून टाकतो. खताच्या युरियावर २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे, शिवाय त्यात इतर घटक असतात. ते इंजेक्टरवर आणि कॅटॅलिस्टवर बसतात आणि मग खर्च लाखाच्या घरात जातो. गाडी आली की टाकीचं झाकण उघडून वास घ्यायला आणि रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण मोजायला शिकलेला मुलगा हे पाच मिनिटांत पकडतो. मी म्हणतो तो पैसा इथे आहे. जुन्या मिस्त्रींनी सोडून दिलेलं हे काम नव्या पोरांची वाट बघतंय.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर धंदा बसणार नाही का?

दुचाकी आणि रिक्षाच्या कामावर परिणाम दिसायला लागलाय, हे खरं आहे. पण ऊस ओढणारा ट्रॅक्टर, द्राक्षबागेत ब्लोअर चालवणारा छोटा ट्रॅक्टर, पेठ नाक्यावरून बंगळूरकडे जाणारा सोळा चाकी ट्रक, जेसीबी, बोअरची गाडी हे इतक्यात डिझेल सोडत नाहीत. आज विकला गेलेला ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षं सहज चालतो, आणि त्याला तेवढी वर्षं मिस्त्री लागणार.

तरीही आज सुरुवात करणाऱ्याने मल्टीमीटर पहिल्या वर्षीच हातात घ्यावा. डिझेल गाडीतसुद्धा निम्मे दोष आता वायर, कनेक्टर आणि अर्थिंगचे निघतात, आणि तेच ज्ञान पुढे इलेक्ट्रिकला कामी येतं. इलेक्ट्रिक गाडीच्या भगव्या रंगाच्या केबलला मात्र प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही. ते शेकडो व्होल्ट असतात.

पुरात बुडालेल्या गाड्यांचं काम येतं, त्यात काय शिकायचं असतं?

सांगलीत हा प्रश्न येणारच. २००५, २०१९, २०२१. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर जिल्ह्यातल्या गॅरेजांसमोर चिखलाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा होत्या, आणि त्यातली कितीतरी इंजिनं पुराने नाही, पुरानंतरच्या घाईने गेली.

कारण सोपं आहे. डिझेल इंजिन हवा दाबून चालतं, साधारण सोळा ते वीस पट दाबतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये पाणी असताना कुणी चावी फिरवली की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी ब्लॉकला भोक पडतं. म्हणून पहिला नियम: बुडालेली गाडी स्टार्ट करून बघायची नाही, ढकलस्टार्टही नाही. बॅटरीची मायनस केबल काढायची. मालकाला सांगायचं की विमा कंपनीला आधी कळवा, फोटो काढा. स्टार्ट करण्याच्या प्रयत्नात झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड लागते. हे वेळेवर सांगणाऱ्या मिस्त्रीला घर कधी विसरत नाही.

मग इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर काढायचं. ऑइल दुधासारखं झालं असेल तर चेंबर खोलून साफ करायचा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल लोक विसरतात. हवा खेळायला ठेवलेल्या ब्रीदरमधून तिथेही पाणी शिरतं आणि चार महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं. डिझेल टाकी उतरवायची, एअर फिल्टर टाकून द्यायचा, व्हील बेअरिंगचं ग्रीस बदलायचं. ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे, कनेक्टर उघडून, साफ करून, पूर्ण सुकवून मगच वीज जोडायची. नदीकाठच्या जिल्ह्यात हे काम क्रमाने करता येणं ही स्वतंत्र कमाई आहे. पण पुराच्या आठवड्यात दर वाढवू नका. त्या वेळी माणसाचं घरही गेलेलं असतं.

स्वतःचं गॅरेज कधी टाकावं?

दुसऱ्याच्या गॅरेजात दोन पूर्ण इंजिनं कुणी मागे उभं न राहता बांधून झाली, आणि ती दोन्ही हंगामभर तक्रारीशिवाय चालली, की विचार करायला हरकत नाही. त्याआधी नाही.

हत्यारं एकदम घेऊ नका. फिक्स आणि रिंग पान्यांचा चांगला सेट, गोटी सेट, टॉर्क रेंच, फीलर गेज, व्हर्नियर, मल्टीमीटर, दणकट स्टँड एवढ्यावर सुरुवात होते. स्कॅनर लागतो, पण तुमच्याकडे कुठल्या गाड्या जास्त येतात ते सहा महिने बघून मग घ्या. लेथ, बोअरिंग आणि पंप-नोझल टेस्टिंगची कामं कुपवाड-मिरज एमआयडीसीच्या बाजूला बाहेरून करून मिळतात, ती यंत्रं स्वतः घेण्याचा मोह टाळा.

कर्जासाठी मुद्रा योजना आहे: शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तारण न देता. मराठा समाजातल्या मुलांना अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. जळकं ऑइल गटारात किंवा ओढ्यात सोडायचं नाही. ते घातक कचऱ्यात मोडतं, पिंपात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं.

गॅरेज बुडतं ते बहुतेक वेळा उधारीने. "बिल निघालं की देतो" हे आपल्याकडचं नेहमीचं वाक्य आहे, आणि ऊसाचं बिल कधी निघेल ते शेतकऱ्याच्याही हातात नसतं. त्याची अडचण खरी असते. म्हणून स्पेअरचे पैसे आधी घ्यायचे आणि मजुरीला मुदत द्यायची, ही पद्धत मी सगळ्यांना सुचवतो. नात्यातल्या माणसालाही कामाचा आणि पैशाचा तपशील कार्डावर लिहून द्या. लिहिलेलं असलं की नातं टिकतं.

वर्षाचा हिशेबही समजून घ्या. गाळप सुरू असताना रात्री-अपरात्री बोलावणी येतात. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर तासगाव-मिरज पट्ट्यात फवारणीचे ट्रॅक्टर रोज चालतात, आणि हवा ढगाळ झाली की एक दिवस थांबलेला ट्रॅक्टर बागेचं पीक घालवू शकतो. कारखाने बंद झाल्यावर उन्हाळ्यात ओव्हरहॉलची मोठी कामं येतात. पावसाळा थोडा मंद जातो. त्या महिन्यांसाठी पैसे बाजूला ठेवायला शिका.

मुलगी हे काम करू शकते का?

करू शकते. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, आणि एसटीच्या कार्यशाळांमध्ये मुली पाना हातात घेऊन काम करतात. वजन उचलायला आता क्रेन, जॅक आणि ट्रॉली आहे. पुरुषांनीही पाठ मोडून गिअरबॉक्स उचलू नये. ऑटो इलेक्ट्रिकल आणि निदानाच्या कामात तर ताकदीचा प्रश्नच येत नाही. खरी अडचण गॅरेजांकडे आहे: स्वच्छतागृह नाही, बोलण्याची रीत नाही. ती आम्ही सुधारायची आहे.

गॅरेजवाल्याला मुलगी कोण देणार?

आई-वडील हा प्रश्न खालच्या आवाजात विचारतात, पण विचारतात. हात काळे असणं आणि माणूस हलका असणं या दोन गोष्टी आपल्याकडे उगाच जोडल्या गेल्या. याच जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या उजाड माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर घडवले. यंत्राला हात लावणाऱ्या माणसाला या मातीत मान होता आणि आहे. व्यवस्थित दुकान, चोख हिशेब आणि निर्व्यसनी मुलगा असेल तर स्थळं येतात. आमच्याकडे शिकून गेलेल्या मुलांचे संसार नीट चाललेले मी बघतो आहे. व्यसनाचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्या. रात्रीची कामं, हातात रोख पैसा आणि ढाब्यावरचं जेवण यातून मुलं बिघडतात.

धोके कोणते?

जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड न लावता शिरणं, हा पहिला. ट्रॉली किंवा टिपरचा हौद वर करून टेकण न लावता खाली काम करणं, हा दुसरा. या दोन चुकांना पुन्हा संधी मिळत नाही.

कॉमन रेलची गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, फारसं दुखतही नाही, आणि आतून बोट सडायला लागतं. तसं झालं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेल आत घुसलंय हे डॉक्टरांना सांगायचं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. ब्रेक ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. हात डिझेलने धुण्याची सवय सर्रास दिसते, त्याने कातडी फाटते आणि खाज कायमची राहते. हातमोजे आणि साबण स्वस्त आहेत.

सरकारी नोकरी किंवा सैन्यात जाता येतं का?

एसटी आणि सरकारी खात्यांच्या वाहन विभागात मेकॅनिकची पदं निघतात. आरटीओतलं सहायक मोटार वाहन निरीक्षकाचं पद एमपीएससीमार्फत भरतात आणि त्याला ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल डिप्लोमा लागतो. वर थेट दुसऱ्या वर्षाची वाट सांगितली ती यासाठीही. सैन्यात वाहनं आणि यंत्रं सांभाळणारी ईएमई नावाची वेगळी शाखाच आहे. सांगली-साताऱ्यातून सैन्यात जाणाऱ्यांची कमी नाही, त्यातल्या तांत्रिक शाखेतून निवृत्त झालेल्यांकडून शिस्त शिकण्यासारखी आहे. पण भरतीची वाट बघत चार वर्षं रिकामं बसू नका. काम करता करता अर्ज भरा.

आखातात किंवा जर्मनीत जावं का?

तीन-चार वर्षांचा पक्का अनुभव झाल्यावर जावं. आखातासाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. कुणी लाख-दीड लाख मागत असेल तर तिथेच थांबा. व्हिजिट व्हिसावर कामाला जायचं नाही. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्या वाटेने जायचं तर आधी जर्मन भाषा शिकावी लागते, आणि ती परीक्षा मेकॅनिकच्या परीक्षेपेक्षा जड जाते.

मुलाला कोणत्या गॅरेजात शिकायला ठेवावं, हे कसं ओळखायचं?

बोर्ड किंवा गर्दी बघू नका. अर्धा दिवस बाहेर बाकड्यावर बसा. उघडलेल्या इंजिनाचे भाग क्रमाने ट्रेमध्ये ठेवलेत की फरशीवर विखुरलेत? टॉर्क रेंच वापरात आहे की भिंतीला टांगून धूळ खातोय? गाडी आल्यावर मिस्त्री आधी पाना घेतो की आधी ड्रायव्हरला प्रश्न विचारतो? काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवतात का? शिकाऊ पोरं दिवसभर फक्त चहा आणतात, चाकं खोलतात, की त्यांना कुणी "हे असं का झालं, सांग" असं विचारतं? आणि चूक झाली की शिवी मिळते की पुन्हा करून दाखवतात?

मालकाशी बोलताना तीन गोष्टी ठरवून घ्या: शिकाऊ काळ किती, दरमहा काय देणार, आणि कितव्या महिन्यात इंजिन बांधायला बसवणार. जो मालक तिसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो त्याच्याकडे ठेवा. मुलगा १८ वर्षांचा झाला की हलक्या वाहनाचं लायसन्स काढून घ्या. दुरुस्त केलेली गाडी स्वतः चालवून बघता आली नाही तर काम अर्धंच राहतं, आणि विनालायसन्स गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यावर काढू देणारं गॅरेज असेल तर तिथून मुलाला परत आणा.